आधी गड चढा, मग किल्ला बांधा

दसरा उलटला की बाजारात तयार किल्ले दिसायला लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, हिरवा-तपकिरी रंग मारलेले, चार कोपऱ्यांत चार बुरुज आणि मधोमध सिंहासनाची जागा. आणायचा, दारात ठेवायचा, मावळे मांडायचे, झालं. ज्यांना खरंच जमत नाही, त्यांनी तो खुशाल आणावा. पण घरात आठ-दहा वर्षांचं मूल आहे, दाराशी चार फूट जागा आहे आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर तो आणू नका. मुलांना मातीत हात घालू द्या.

लहानपणीची दिवाळी किती साधी होती, असं माझ्या वयाची सगळीच माणसं म्हणतात. तिच्यात नेमकं काय होतं, असं विचारलं की मोती साबण आणि चकलीच्या वासापुढे गाडी जात नाही. मी सांगते काय होतं. किल्ला होता. फराळ आई-काकू करायच्या, कपडे अण्णा आणायचे, फटाक्यांची वाटणी आजोबा करायचे. हे सगळं आम्हाला मिळायचं. किल्ला मात्र कोणी द्यायचं नाही. तो आमचा आम्ही उभा करायचो, आणि म्हणून सहामाही संपल्यापासून भाऊबीजेपर्यंतचे सगळे दिवस आमच्या मालकीचे वाटायचे. तेवढी एक गोष्ट मुलांना परत देता आली तर बाकीची साधी दिवाळी तिच्या मागोमाग येते, असा माझा अनुभव आहे.

मी मंगळवार पेठेतल्या वाड्यात वाढले. आता शाहूपुरीत अपार्टमेंटमध्ये राहते आणि दर दिवाळीला खाली पार्किंगच्या कोपऱ्यात बिल्डिंगमधल्या मुलांना घेऊन किल्ला करते. कसा करतो, ते सविस्तर सांगते.

आधी चढून या

माती आणायच्या आधी एक गड चढा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. पुण्या-मुंबईच्या मुलांना चित्र बघून किल्ला करावा लागतो, तो त्यांचा नाइलाज आहे. आपल्या डोक्यावर अजिंक्यतारा उभा आहे. एका सकाळी मुलांना घेऊन चालत वर जा. वर गाडीरस्ता आहे, पण गाडी खालीच ठेवा. पाय दुखले म्हणजे गड उंच का बांधतात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चढताना मुलांना फक्त बघायला लावा. सगळ्यात आधी डोंगराचा आकार. मुलांच्या चित्रातला डोंगर मोदकासारखा टोकदार असतो आणि किल्लाही मग तसाच होतो. आपले डोंगर तसे नाहीत. अजिंक्यतारा बघा, यवतेश्वर बघा, पलीकडे सज्जनगड बघा. सगळ्यांचे माथे सपाट. माथ्याखाली उभा काळा कातळ, कातळाखाली गवताचा उतार, मग पुन्हा कातळाची पट्टी, पुन्हा उतार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा मुलूख तयार झाला. त्यातले काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थराचा कडा उरतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो. पाचवी-सहावीतल्या मुलाला हे पुस्तकातून सांगितलं तर जांभया देतं. कातळाच्या पट्टीवर बोट ठेवून सांगितलं की त्याला कळतं, आणि त्याच्या किल्ल्यात उतरतं.

मग दरवाजा. अजिंक्यताऱ्याचा पहिला दरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या मधे आहे. मुलांना त्याच्यासमोर उभं करा आणि विचारा, तू शत्रू आहेस, आता तुझ्यावर कुठून कुठून मारा होईल? उत्तर त्यांना बुरुजाकडे बघून सापडतं. आत गेल्यावर मंगळाईचं दर्शन घ्या, तळी दाखवा, तटावरून शहर बघू द्या. आपलं घर शोधण्यात मुलांचा अर्धा तास जातो. तो जाऊ द्या.

वर बसून डबा खाताना वेढ्याची गोष्ट सांगा. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः फौज घेऊन साताऱ्याला आला आणि या गडाला वेढा घालून बसला. आत किल्लेदार सुभानजी आणि शिबंदी. महिन्यांमागून महिने गेले तरी गड हाती येईना. शेवटी एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्याने गडावरची माणसं दगावली. गड लढवणारे प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते, ते जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली जमलेल्या मोगल फौजेवरच पडला. गड पुढे काही दिवसांनी तह करून द्यावा लागला, त्याचं नाव आझमतारा ठेवलं गेलं, आणि थोड्याच वर्षांत तो परत मराठ्यांकडे आला. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे साताऱ्यातच झाला. ही गोष्ट ऐकलेलं मूल किल्ल्याचा तट कधीही एका बोटाच्या जाडीचा करत नाही. करून बघा.

ज्यांना जमेल त्यांनी सज्जनगडही करावा. पायऱ्या आहेत, लागोपाठ दोन दरवाजे आहेत आणि वरून उरमोडीचं पाणी दिसतं. प्रतापगड लांब आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढण्यासारखा. मोरोपंत पिंगळ्यांनी महाराजांच्या आज्ञेवरून १६५६ च्या सुमारास बांधलेला, १० नोव्हेंबर १६५९ ला ज्याच्या पायथ्याशी अफजलखान पडला, तो हा गड. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला हा एक आहे. मुलांना हे माहीत असावं.

एक नियम आम्ही पाळतो. जो गड त्या वर्षी पायांनी बघितला, तोच बांधायचा. रायगड कितीही आवडला तरी तो चढून येईपर्यंत थांबायचं.

कधी सुरू करायचं

कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी कामाला लागा. कोजागरी ते वसुबारस साधारण बारा दिवस मिळतात आणि ते सगळे लागतात. पहिले दोन-तीन दिवस माती आणि विटा गोळा करायच्या. वद्य पंचमीच्या सुमारास सांगाडा आणि गिलावा. सप्तमीला हळीव पेरायचे. मग तट, दरवाजे, पायऱ्या. वसुबारसेला डोंगर हिरवा झालेला पाहिजे. शाळेची सहामाही मध्येच येत असेल तर सांगाड्यापर्यंत मोठ्यांनी सामान जमवून ठेवावं, पण हात मुलांनीच सुट्टी लागल्यावर लावावा.

माती

सगळा खेळ मातीचा आहे. कोरेगावकडची काळी माती हाताला छान लागते, लोण्यासारखा चिखल होतो, आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून भेगा. तांबडी माती कमी आकसते. आम्ही तीन घमेली तांबडी, एक घमेलं काळी असं प्रमाण धरतो. काळ्या मातीने चिकटपणा येतो, तांबडीने भेगा आवरतात. त्यात ताजं शेण दोन ओंजळी आणि भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा घालायचा. जुन्या घरांच्या भिंती अशाच लिंपायचे. सातारा-जावळीकडचं कोणी आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना प्रमाण विचारा. त्यांना बोटांनी कळतं.

तांबड्या मातीसाठी कासच्या पठारावर जाऊन खोदू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे आणि त्या पातळ मातीच्या थरावरच तिथली फुलं जगतात. नर्सरीत तांबडी माती पोत्याने मिळते. ओळखीच्या कोणाचं शेत असेल तर बांधावरची चार घमेली विचारून आणा. घराच्या पायाचं खोदकाम चाललं असेल तिथेही माती मिळते, मात्र तीही विचारून.

माती चाळणीने चाळून खडे काढा. खडे टाकू नका, पायथ्याला लागतात. चाळलेली माती रात्रभर भिजवा आणि सकाळी मुलांना पायांनी तुडवू द्या. हा भाग लवकर उरकायची घाई करू नका. चिखल तुडवताना जी मुलं एरवी एकमेकांशी बोलत नाहीत ती बोलायला लागतात, हे मी दर वर्षी बघते. आमच्या वाड्यात तर भाडेकऱ्यांची आणि मालकांची पोरं वर्षभर भांडायची आणि चिखल तुडवायला हातात हात धरून उभी राहायची. घसरू नये म्हणून धरायची, पण धरायची.

चिखल झाला की लिंबाएवढा गोळा करून उन्हात ठेवा. संध्याकाळी त्याला मोठी भेग दिसली तर तूस आणि तांबडी माती वाढवा. हातात भुगा झाला तर काळी वाढवा.

सांगाडा आणि गोणपाट

विटा, फुटक्या फरशा, फुटकी कौलं, कुंडीचे तुकडे, दगड. नुसत्या मातीचा डोंगर करू नका. आतून ओला राहतो आणि बसतो. विटांचे टप्पे रचा, सगळ्यात वरचा टप्पा सपाट आणि रुंद. अजिंक्यतारा आठवा. पायथा चार फूट असेल तर उंची अडीच फुटांच्या वर नेऊ नका. मधे एक-दोन जागा पोकळ सोडा, तिथे गुहा होईल आणि पणतीला जागा होईल.

त्यावर गोणपाट. तागाचंच पाहिजे. प्लास्टिकच्या पोत्याला माती धरत नाही. धान्याच्या आडतीवर किंवा किराणा दुकानात जुनी पोती मिळतात. पातळ चिखलाच्या बादलीत पोतं पूर्ण बुडवायचं, दोघांनी दोन टोकं धरून उचलायचं आणि सांगाड्यावर अंथरायचं. इथे मुलांना एक गोष्ट दाखवा. ओलं पोतं आपसूक चुण्या घेऊन पडतं आणि त्या चुण्या हुबेहूब डोंगराच्या घळी आणि सोंडा होतात. त्या सरळ करू नका. मुलांना विचारा, पाणी कुठून वाहील? ती बोटाने दाखवतील तिथे ओढा करा.

मग गिलावा. जिथे गवत हवं त्या उतारांवर ओल्या मातीचा बोटभर थर. जिथे कडा हवा तिथे थर न देता काळ्या मातीचा पातळ हात फिरवायचा आणि वाळत आल्यावर खराट्याच्या काडीने उभ्या रेघा ओढायच्या. लांबून बघितलं की कातळ वाटतो. माथ्याखालची पहिली पट्टी कड्याचीच ठेवा.

हळीव

गवतासाठी मोहरी, गहू, धणे, नाचणी सगळं लोक पेरतात. मोहरी बरी. गहू फार उंच होतो आणि मावळे उसाच्या फडात उभे असल्यासारखे बुडतात. धणे यायला वेळ लावतात. माझं मत हळिवाला. चार फुटी किल्ल्याला पन्नास ग्रॅम पुरतात.

मूठभर हळीव वाटीत घ्यायचे, ते बुडतील त्याच्या वर बोटभर पाणी घालायचं आणि अर्धा तास ठेवायचं. दाणे फुगून बुळबुळीत होतात, एकमेकांना धरून राहतात. हाच त्यांचा गुण आपल्या कामाचा. कोरडी मोहरी उतारावरून घरंगळून पायथ्याला गोळा होते. भिजलेले हळीव बोटांनी उभ्या उतारावर लावले तरी चिकटून बसतात. पातळ लावा, एका जागी गोळे नकोत, नाहीतर बुरशी धरते. लावून झाल्यावर ओलं फडकं अलगद अंथरा आणि दोन रात्री राहू द्या. तिसऱ्या दिवशी फडकं उचलायचा मान सगळ्यात लहान मुलाला द्यावा. पांढरे कोंब आणि त्यावर पिवळट टोपी असते ती, उन्हात आली की दिवसभरात हिरवी होते. पाच-सहा दिवसांत डोंगर भरतो.

पाणी तांब्याने ओतू नका, माती वाहून जाईल. हात बुडवून शिंपडा, सकाळ-संध्याकाळ. मुंग्या दाणे नेतात, म्हणून पायथ्याभोवती हळदीची रेघ ओढा. चिमण्या येतात, त्यांना थोडं खाऊ द्या.

तट, बुरुज आणि दरवाजा

तट खाली दोन बोटं रुंद, वर निमुळता. घट्ट चिखलाच्या वळकट्या करून एकावर एक बसवायच्या आणि ओल्या हाताने सांधे मिटवायचे. वरच्या कडेला चिमटीने दात्यांसारख्या चर्या काढायच्या. तट अर्धवट वाळला की पेन्सिलीच्या टोकाने जंग्या पाडायच्या. जंग्या म्हणजे बंदुकीसाठीची भोकं. ती सरळ पाडायची नाहीत, बाहेरच्या बाजूला खाली उतरती पाडायची. गडावर तशीच असतात, कारण शत्रू खालून येतो. मुलं हे चढून आलेली असतात म्हणून लगेच पटतं. पायऱ्या ओल्या मातीत पट्टीची कड दाबून छान पडतात. तळ्याला नारळाची करवंटी पुरायची, काठ मातीने झाकायचे, पाणी भरायचं.

दरवाज्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथेच किल्ल्याचं शहाणपण असतं. आमच्या पेठेत एक म्हातारे गृहस्थ होते. दिवाळीत संध्याकाळी काठी टेकत वाड्यावाड्यांतले किल्ले बघत फिरायचे. आमच्या किल्ल्यासमोर उभे राहिले. आम्ही मोठ्या हौसेने दर्शनी बाजूला ऐसपैस दरवाजा केला होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दार दिसतंय की रं हितनं. मला दिसतंय म्हंजी गनिमाला बी दिसणार."

मग खाली बसून त्यांनीच दाखवलं. दोन बुरुज घ्यायचे, एक थोडा पुढे काढायचा आणि त्याची भिंत दुसऱ्याच्या पुढ्यात वळवायची. दरवाजा त्यांच्या बेचक्यात आत. समोरून फक्त बुरुज दिसतात. वाट पहिल्या बुरुजाला वळसा घालून मगच दाराशी पोचते. हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागा उरत नाही आणि वळणावर आलेल्या शत्रूवर दोन्हीकडून मारा होतो. याला गोमुखी बांधणी म्हणतात. महाराजांच्या गडांवर ती ठिकठिकाणी बघायला मिळते, रायगडाचा महादरवाजा त्यातला प्रसिद्ध. तेव्हापासून आमच्या कुठल्याही किल्ल्याचं दार समोरून दिसलेलं नाही. बघायला येणाऱ्या मुलांना आम्ही आधी दार शोधायला सांगतो.

दाराच्या फळ्या पुठ्ठ्याच्या करा आणि त्यात बाहेरून बाभळीचे काटे टोचा. खऱ्या दारांना हत्तीसाठी लोखंडी खिळे असायचे, ते असे होतात. काटे टोचायचं काम मोठ्या मुलांकडे.

मावळे

आधी मावळे आणा, मग दाराची उंची ठरवा. उलटं केलं की मावळा दारातून आत जाऊ शकत नाही, आणि मुलांच्या हे लगेच लक्षात येतं. वेगवेगळ्या मापाचे मावळे असतील तर मोठे पायथ्याला आणि लहान माथ्यावर ठेवा. गड आहे त्याहून दुप्पट उंच दिसतो.

मातीचे मावळे मिळाले तर तेच घ्या. कुंभारवाड्यात विचारा. नाकी-डोळी सारखे नसतात, एकाची मिशी वर, एकाची खाली, आणि म्हणूनच मुलं त्यांना ओळखतात, नावं ठेवतात. सगळं एकाच वर्षी विकत घेऊ नका. एक तोफ, दोन पहारेकरी, एक डोक्यावर घागर घेतलेली बाई, एवढं एका वर्षाला भरपूर. माझ्याकडे सिंहासनावरच्या महाराजांची एक मूर्ती आहे, आजोबांनी आणलेली, वितीपेक्षा लहान. अंगरख्याचा केशरी रंग गुडघ्यावर उडाला आहे आणि खालची विटकरी माती दिसते. उजव्या हाताची तर्जनी एकदा तुटली होती, ती काकांनी डिंकाने चिकटवली, तिथे पिवळसर टिपूस अजून आहे. बिल्डिंगमधल्या मुलांकडे चकचकीत नव्या मूर्ती आहेत. तरी माथ्यावर हेच महाराज बसवायचे, असा त्यांचा हट्ट असतो. का, असं मी विचारत नाही. बसवायला मुलांनाच देते.

वाघ-सिंह, मोटारी, डायनासोरसुद्धा येतात कुठून कुठून. पाच वर्षांच्या मुलाने आणलेलं काहीही नाकारू नका. पायथ्याच्या रानात सगळ्यांना जागा आहे.

मोठ्यांनी काय करायचं

सामान आणून द्यायचं, विटा उचलायच्या, सुरी-कात्री चालवायची, आणि मागे खुर्ची टाकून बसायचं. तट वाकडा होतो आहे? होऊ द्या. हल्ली गल्लोगल्ली किल्ल्यांच्या स्पर्धा असतात. त्या चांगल्याच आहेत, पण बक्षिसासाठी वडील रात्री दोन वाजेपर्यंत थर्माकोल कापतात आणि मूल घरात झोपलेलं असतं, हे मी पाहिलंय. त्या किल्ल्याला बक्षीस मिळतं आणि मुलाला काही मिळत नाही.

मुलींना आवर्जून बोलवा. त्या फराळाला लागतात म्हणून सुटतात. माझी आई मला म्हणायची, "माती दुपारी कर, करंज्या संध्याकाळी. दोन्हीला हात धुऊन ये." तिने हे म्हटलं म्हणून मला किल्ला मिळाला. भावांनाही ती संध्याकाळी करंज्या मुरडायला बसवायची.

दिवे आणि पाऊस

किल्ल्यावर विजेची माळ लावू नका. ओली माती, पाणी आणि वायर यांचा मेळ नको. पणत्या लावा, पण गोणपाटावर नाही. आधी सोडलेल्या विटांच्या पोकळीत एक आणि दारापुढे मोकळ्या दगडावर एक. तेल थोडंच घाला आणि पणती जळते तोवर एक मोठं माणूस तिथे असावं. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून मुलं खाली आली की घरच्या दारात पणती लावायच्या आधी गडाच्या दारात लावायची, अशी आमची पद्धत. फटाके किल्ल्यापासून लांब. शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायची टूम मुलं काढतात. ती ठामपणे मोडून काढा. विटांचे तुकडे उडतात आणि डोळे जातात.

परतीचा पाऊस दिवाळीतही गाठतो. एक प्लास्टिकचा कागद आणि चार काठ्या तयार ठेवा. गच्चीवर किल्ला असेल तर पाणी निघायची जाळी मातीने बुजणार नाही याकडे लक्ष द्या. पार्किंगमध्ये करणार असाल तर सोसायटीची परवानगी आधीच काढा आणि खाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर करा. बाल्कनीच असेल तर मोठ्या पराती एवढ्या पत्र्यावर एक बुरुज आणि एक दरवाजा करा. तेवढ्यातही गोमुख जमतं.

बघायला बोलवा

संध्याकाळी मुलांनी किल्ल्यापाशी बसायचं आणि येणाऱ्याला गड सांगायचा. कोणता गड, दार कुठे, पाणी कुठे, शत्रू कुठून आला होता. पाठ केलेलं भाषण नको. विचारेल त्याला सांगायचं. कागदाच्या पुड्यांत चिवडा ठेवला की पलीकडच्या गल्लीतली मुलंही येतात, मग आपली त्यांचा बघायला जातात. आमच्याकडे दुरुस्त्याही अशाच होतात. मागे एका दहा वर्षांच्या पाहुणीने विचारलं, गडावर माणसं आहेत, तोफा आहेत, पण धान्य कुठे आहे? रात्रीच बांधकामाला सुरुवात झाली आणि सकाळी काडेपेटीचं धान्यकोठार उभं होतं, आत खरे चार तांदूळ.

उतरवताना

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवा, हळीव तोवर पिवळे पडतात. उतरवायचा दिवस मुलांना ठरवू द्या आणि त्यांच्याच हातांनी उतरवा. मूर्ती आधी काढून कोरड्या फडक्याने पुसून, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. माती फोडून कुंड्यांमध्ये घाला, शेण आणि तूस असल्यामुळे झाडांना चांगली. गोणपाट झटकून, धुऊन, कडक उन्हात वाळवा, नाहीतर कुजतं आणि झुरळं होतात. विटा ज्यांच्या बांधकामावरून आणल्या असतील त्यांना मोजून परत करायला मुलांनाच पाठवा. बरोबर फराळाचं ताट द्या, आणि त्यात लाडू जरा जास्त ठेवा. तिथे राखणीला राहणारं कुटुंब असतं, त्यांचीही मुलं असतात. गेल्या दिवाळीपासून ती मुलं चिखल तुडवायला आमच्याकडे येतात.